मुंबई–लंडन: जायला दहा तास, यायला नऊ

मुंबईहून लंडनला थेट जाणाऱ्या विमानाचं तिकीट पाहिलं, तर प्रवासाचा वेळ दहा तासांच्या आसपास दिसतो. परतीच्या तिकिटावर तोच प्रवास नऊ तासांच्या आसपास असतो. विमान त्याच जातीचं, दोन्ही टोकांचे विमानतळ तेच, आणि मधल्या काळात पृथ्वी काही आक्रसलेली नसते. शिवाय ७,२०० किलोमीटरला ताशी ९०० किलोमीटरने भागलं तर उत्तर सरळ आठ येतं. मग वरचे एक-दोन तास जातात कुठे?

काही वाऱ्यात जातात, काही जमिनीवर, आणि अलीकडच्या वर्षांत काही राजकारणात. पण आधी ते ७,२०० कुठून आलं ते पाहू, कारण हा आकडाही सगळीकडे एकसारखा सापडत नाही.

अंतर कुठून कुठपर्यंत मोजायचं?

दोन ठिकाणी अंतर पाहिलं तर वीस-तीस किलोमीटरची तफावत सहज दिसते, आणि बहुतेकदा दोन्ही आकडे बरोबर असतात. कुणाच्या लेखी मुंबई म्हणजे सीएसएमटीचा परिसर, कुणाच्या लेखी सांताक्रूझ-अंधेरीतला विमानतळ. तिकडे हीथ्रो विमानतळ लंडनच्या मध्यापासून सुमारे २३ किलोमीटर पश्चिमेला आहे. म्हणजे आपलं विमान अनेकदा सगळं लंडन खिडकीतून दाखवत, शहर ओलांडून मगच उतरतं. त्यात पृथ्वी नेमकी गोलही नाही. मध्यापासून विषुववृत्तापर्यंत ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवापर्यंत ६,३५७. हिशेबात कुणी पूर्ण गोल धरतो, कुणी हा चपटेपणाही धरतो, त्यानेही आकडा थोडा हलतो.

वैमानिकांच्या कामात किलोमीटर जवळपास नसतोच. ते सागरी मैलात बोलतात, आणि हे माप फार हुशारीने ठरवलेलं आहे. पृथ्वीच्या मध्यबिंदूपासून पाहिलं तर एका अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक मिनिटाचा कोन, पृष्ठभागावर जेवढं अंतर कापतो तेवढा एक सागरी मैल. किलोमीटरमध्ये १.८५२. आता पृथ्वीच्या पोटात बसून एक बोट मुंबईकडे आणि दुसरं लंडनकडे रोखलं, तर दोन बोटांमध्ये जवळजवळ ६५ अंशांचा कोन होतो. ६५ गुणिले ६० म्हणजे ३,९०० सागरी मैल. त्याला १.८५२ ने गुणलं की आपण ७,२०० किलोमीटरच्या घरात येतो. हिशेब एवढाच आहे.

विमान अकरा किलोमीटर उंचीवरून जातं म्हणून अंतर बरंच वाढत असेल, असंही काहींना वाटतं. वाढतं, पण सगळ्या प्रवासात मिळून बारा किलोमीटर. मिनिटभराचाही प्रश्न नाही.

नकाशा फसवतो

शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावर मुंबई ते लंडन पट्टी ठेवून रेघ ओढा. ती अरबी समुद्रावरून, आखाताच्या बाजूने, सीरियावरून आणि बाल्कन देशांवरून लंडनला पोहोचते. सरळ रेघ, म्हणून सर्वांत जवळचा रस्ता. पण नाही. तो नकाशा म्हणजे गोल पृष्ठभाग ओढूनताणून सपाट केलेला कागद आहे. त्या ओढाताणीत उत्तरेकडचे प्रदेश खऱ्यापेक्षा फार रुंद होतात.

घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या आणि मुंबई ते लंडन घट्ट ताणा. दोरा वेगळीच वाट धरतो. मुंबईहून निघताना तो नकाशावरच्या रेघेपेक्षा वीसेक अंश जास्त उत्तरेकडे वळलेला असतो. कराचीच्या बाजूने पाकिस्तान, मग पूर्व इराण, कास्पियन समुद्राच्या नैर्ऋत्येचा भाग, आणि बरोबर अर्ध्या वाटेवर आर्मेनिया-जॉर्जिया सीमेचा परिसर. तिथून काळा समुद्र, पश्चिम युक्रेन, पोलंड, जर्मनी आणि इंग्लिश खाडीच्या उत्तर टोकाकडून लंडन. गोलावरच्या अशा सर्वांत जवळच्या वाटेला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात. पट्टीने आखलेली वाट सुमारे ७,४०० किलोमीटरची भरते, दोऱ्याची ७,२००.

दोनशे किलोमीटर म्हणजे फार नाही, कारण मुंबई विषुववृत्तापासून तशी जवळ आहे. दोन्ही शहरं उत्तरेकडे असली की हा फरक फुगत जातो. म्हणूनच दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्याला सीटसमोरच्या पडद्यावर आपलं विमान भलतंच उत्तर ध्रुवाकडे चाललेलं दिसतं.

दोऱ्याच्या वाटेवरचे देश लक्षात ठेवा: पाकिस्तान, इराण, युक्रेन. पुढे त्यांचं काम आहे.

विमानं वेगवान झाली नाहीत

८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघालं, कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत. या तीन टप्प्यांची बेरीज सुमारे ७,९०० किलोमीटर होते. पंख्यांच्या त्या विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास धरला, तर नुसते हवेतच पंधरा-सोळा तास, थांबे वेगळे. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमानं आली आणि वेग एकदम ९०० च्या घरात गेला.

तिथून आजपर्यंत तो जवळपास तिथेच आहे. आजचं बोइंग ७८७ ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्क्यांनी उडतं. अकरा किलोमीटर उंचीवर उणे ५६ अंश तापमान असतं, तिथे ध्वनीचा वेगच ताशी १,०६० किलोमीटरच्या आसपास उतरतो, म्हणून ८५ टक्के म्हणजे ९०० झाले. याच्या पुढे रेटलं की पंखांवरून जाणारी हवा जागोजागी ध्वनीचा वेग ओलांडू लागते, हवेचा रोध झपाट्याने वाढतो आणि इंधनाचा खर्च परवडेनासा होतो. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत सगळी हुशारी खर्च झाली ती इंधन वाचवण्यात आणि एका दमात दूर जाण्यात. वेळ वाचवण्यात नाही.

वारा

खाडीत भरतीचं पाणी आत शिरत असताना होडीही आत निघाली असेल, तर नाखवा तेवढंच वल्हं मारून लवकर पोहोचतो. समुद्राकडे निघाला असेल तर दमछाक. विमानाचं अगदी तसंच. त्याचे ताशी ९०० किलोमीटर हे भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतात. ती हवाच पूर्वेकडे वाहत असेल, तर पश्चिमेकडे निघालेल्या विमानाच्या वेगातून वाऱ्याचा वेग वजा करायचा आणि पूर्वेकडे येणाऱ्याच्या वेगात मिळवायचा.

मध्य अक्षांशांत दहा-बारा किलोमीटर उंचीवर हवेचे अरुंद, वेगवान झोत पश्चिमेकडून पूर्वेकडे धावत असतात. हेच जेट स्ट्रीम. मुंबई–लंडन वाट यांना तिरपी कापत जाते. सगळ्या वाटेवर मिळून सरासरी ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून आहे असं धरू. जाताना जमिनीवरचा खरा वेग ८०० उरतो आणि ७,२०० किलोमीटरला बरोबर नऊ तास लागतात. येताना वेग १,००० होतो, वेळ ७ तास १२ मिनिटं. जाण्यायेण्यात पावणेदोन तासांहून जास्त फरक पडला, आणि वैमानिकाने काहीही वेगळं केलेलं नाही.

इथे एक गंमत आहे. जाताना तोटा, येताना फायदा, म्हणजे शेवटी फिट्टंफाट, असं वाटतं ना? बेरीज करून पाहा. वारा नसता तर आठ अधिक आठ, सोळा तास. वाऱ्यासकट १६ तास १२ मिनिटं. कारण प्रतिकूल वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं आणि अनुकूल वाऱ्यातून लवकर बाहेर पडतं. वारा कितीही प्रामाणिकपणे दोन्हीकडे सारखा वाहिला, तरी फेरीचा एकूण वेळ वाढवूनच जातो.

वाऱ्यालाही ऋतू असतात. हिवाळ्यात जेट स्ट्रीमची एक शाखा हिमालयाच्या दक्षिणेला, थेट उत्तर भारतावर उतरते, आणि तिचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. पावसाळ्यात ती हिमालयापलीकडे सरकते, आणि आपल्या द्वीपकल्पावर चक्क उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा झोत तयार होतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये जाण्यायेण्याच्या वेळातला फरक कमी होतो. पूर्ण मिटत मात्र नाही, कारण इराण-तुर्कस्तानकडे गेल्यावर पश्चिमेचा वारा भेटतोच.

कंपनीच्या फ्लाइट डिस्पॅचरचं काम इथेच असतं. उड्डाणाच्या काही तास आधी वाऱ्यांचा अंदाज घेऊन तो वाट आखतो, आणि ती क्वचितच दोऱ्यासारखी सरळ असते. शंभर किलोमीटर लांबून जाऊन समोरचा वारा टळत असेल, तर लांबची वाटच जवळची ठरते.

पृथ्वी खालून सरकत नाही का?

हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणारा मूर्ख नसतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान पश्चिमेला चाललंय, लंडन त्याच्या दिशेने सरकत येतंय, मग जाताना वेळ कमी लागायला हवा. मुंबईची जमीन तर या फिरण्यामुळे ताशी सुमारे १,५८० किलोमीटरने पूर्वेकडे धावते आहे, विमानाच्या जवळपास पावणेदोन पट!

पण मुंबईबरोबर मुंबईवरची हवाही त्याच वेगाने धावत असते. तसं नसतं तर आपल्या डोक्यावरून कायम ताशी दीड हजार किलोमीटरचं वादळ गेलं असतं. विमान त्या फिरत्या हवेतच उडतं, त्यामुळे खालून पृथ्वी सरकल्याचा थेट फायदा किंवा तोटा शून्य.

अप्रत्यक्ष परिणाम मात्र मोठा आहे, आणि तो नेमका उलट्या दिशेचा. लंडनच्या अक्षांशावर जमिनीचा हा वेग ताशी १,०४० च उरतो, कारण तिथला वळसा लहान आहे. विषुववृत्ताजवळ तापून वर गेलेली हवा उंचावरून उत्तरेकडे निघाली, की स्वतःचा पूर्वेकडचा जादा वेग बरोबर नेते. खालची जमीन मागे पडते आणि हवा पूर्वेकडे पळू लागते. जेट स्ट्रीम पूर्वेकडे वाहण्यामागचं मोठं कारण हेच. म्हणजे पृथ्वीचं फिरणं वाऱ्याच्या रूपाने तिकिटावर उतरतंच, फक्त लंडनला जाणाऱ्याला मदत करण्याऐवजी अडवतं.

बंद आकाश

आता ते तीन देश. प्रत्येक देशाचं त्याच्या जमिनीवरच्या आकाशावर नियंत्रण असतं, आणि तो ते बंद करू शकतो. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने फेब्रुवारी २०१९ मध्ये आकाश बंद केलं ते पूर्ण खुलं व्हायला जुलै उजाडला. मग पहलगामच्या हल्ल्यानंतर, २४ एप्रिल २०२५ ला, भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा बंदी घातली. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्ष पेटला तेव्हा इराणचं आकाश अचानक मिटलं. १३ जूनला मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान वाटेतून मुंबईला परत आलं, आणि लंडनहून मुंबईला येणारं व्हिएन्नाला उतरवावं लागलं. अशा दिवशी ‘अंतर ७,२०० किलोमीटर’ या वाक्याला अर्थ उरत नाही.

हे तिन्ही देश टाळून भारतीय विमानाने कसं जायचं? समजा मुंबई, मस्कत, बसरा, पूर्व तुर्कस्तानातलं दियारबाकिर आणि तिथून सरळ लंडन. माझ्या हिशेबाने ही वाट साधारण ७,४५० किलोमीटरची होते. अडीचशे किलोमीटर जास्त, वीसेक मिनिटांचा फटका. सोसण्यासारखा आहे.

दिल्लीकडे पाहिलं की खरा चटका बसतो. दिल्ली–लंडन सरळ अंतर सुमारे ६,७३० किलोमीटर, म्हणजे दिल्ली लंडनला मुंबईपेक्षा जवळजवळ पाचशे किलोमीटरने जवळ. पण पाकिस्तान टाळायचं म्हणजे विमानाला आधी खाली गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत यायचं आणि मग अरबी समुद्रावरून मस्कत गाठायचं. तिथून पुढची वाट मुंबईच्या विमानाचीच. सगळं मिळून आठ हजारांच्या घरात जातं. बंदीच्या काळात भारतीय विमानाने जाणाऱ्यासाठी लंडनला जवळचं शहर मुंबई होतं, दिल्ली नव्हे.

शिवाय बंदी सगळ्यांना सारखी नसते. पाकिस्तानची २०२५ ची ही बंदी भारतीय कंपन्यांपुरती होती, ब्रिटिश विमानाला ती लागू नव्हती. उलट २०२२ पासून रशियाचं आकाश ब्रिटिश कंपन्यांना बंद आणि भारतीय कंपन्यांना खुलं. एकाच दिवशी एकाच शहराकडे निघालेल्या दोन विमानांचं अंतर शेपटीवरच्या झेंड्यावरून ठरतं. आधुनिक प्रवासातली मला सर्वांत विचित्र वाटणारी गोष्ट हीच.

तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो

तिकिटावरचा वेळ विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथे सुरू होतो आणि पलीकडच्या गेटवर उभं राहतं तिथे संपतो. त्यात रांगेत उभं राहणं आलं, टॅक्सीवेवरून रांगणं आलं, उतरण्याआधीच्या घिरट्या आल्या. मुंबईच्या सांताक्रूझ-अंधेरीच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. एकाच धावपट्टीवर इतकी विमानं हाताळणारे विमानतळ जगात मोजकेच आहेत. हीथ्रोला दोन समांतर धावपट्ट्या आहेत, तरी गर्दी अशी की लंडनभोवती विमानांना घिरट्या घालत थांबवण्यासाठी चार ठरलेल्या जागा आहेत. एक घिरटी साधारण चार मिनिटांची. त्यात हीथ्रोवर रात्रीच्या विमानांच्या संख्येवर कडक मर्यादा, म्हणून वाऱ्याने पाठीवर घेऊन लवकर आणलं तरी लगेच उतरता येईलच असं नाही.

हे सगळं धरून कंपनी वेळ जाहीर करते, आणि त्यात थोडी सैल गाठ मुद्दाम ठेवते. ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलेलं विमान ‘वेळेवर’ मोजलं जातं. थोडा उशिराने निघूनही ‘वीस मिनिटं आधी पोहोचलो’ अशी घोषणा ऐकू येते, त्यात वैमानिकाच्या कौशल्यापेक्षा वेळापत्रकातल्या या ऐसपैसपणाचा वाटा बराच असतो.

जवळच्या प्रवासात हा जमिनीवरचा हिस्सा ठळक दिसतो. मुंबई–नागपूर हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. रेल्वेने ते ८३७ होतं, आणि भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंतचा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. विमानाच्या वेगाने ६८० किलोमीटरला तासही लागू नये. तिकिटावर मात्र दीड तासाच्या आसपास असतो. चढणं, उतरणं आणि रांग यांना अंतराशी देणंघेणं नसतं. नागपूर असो की लंडन, ते आपला अर्धा-पाऊण तास घेतातच.

म्हणून कुठल्याही दोन शहरांसाठी घरबसल्या अंदाज करायचा असेल तर सरळ अंतराला ८५० ने भागा आणि अर्धा-पाऊण तास मिळवा. लांबच्या प्रवासात पश्चिमेला जायचं असेल तर आणखी थोडा वेळ धरा, पूर्वेला असेल तर थोडा कमी करा. वाटेत युद्ध चालू असेल, तर हा हिशेब सोडून द्या.

घड्याळाचा घोळ

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची असते. हिवाळ्यात भारत लंडनच्या साडेपाच तास पुढे असतो. मुंबईहून दुपारी १:३० ला निघालेलं विमान लंडनच्या संध्याकाळी ६:०० ला पोहोचलं, तर घड्याळं फक्त साडेचार तास दाखवतात. त्यात साडेपाच मिळवले की खरे दहा निघतात. परतताना लंडनहून रात्री ८:०० ला निघून मुंबईत सकाळी १०:३० ला पोहोचलो, तर घड्याळात साडेचौदा तास. त्यातून साडेपाच वजा, नऊ उरले. जाताना मिळवा, येताना वजा करा.

हा साडेपाच आकडा मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावरून आला. मुंबईच्या स्वतःच्या सूर्याप्रमाणे तो ४ तास ५१ मिनिटं एवढाच येतो, आणि मुंबईने ही आपली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत हट्टाने जपलीही. ‘मलबार प्रिन्सेस’ उडालं तेव्हा शहरात ३९ मिनिटांच्या फरकाने दोन वेळा चालू होत्या. त्या काळात विमान गाठणाऱ्यांची काय त्रेधा उडत असेल!

आता भानगड उरली आहे ती ब्रिटनच्या उन्हाळी वेळेची. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात आणि फरक साडेचार तासांवर येतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो पुन्हा साडेपाच होतो. विमान कंपन्यांची उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकंही याच दोन रविवारी बदलतात, त्यामुळे त्याच नंबरच्या विमानाची मुंबईतली वेळ एका आठवड्यात तासाभराने हलू शकते. त्या दिवसांत कुणाला आणायला सहारच्या विमानतळावर जायचं असेल, तर मागच्या खेपेच्या वेळेवर विसंबू नका. विमानाचा नंबर टाकून त्याच दिवसाची वेळ पाहा, आणि मगच गाडी काढा.